पदवीसाठी 30 रॅट: एम.फार्म.च्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न असा आहे: "मी नागपुरात एम.फार्म. फार्माकॉलॉजी करते आहे. प्रबंधासाठी गाइडनी विषय दिला आहे, एका झाडाच्या पानांच्या अर्काचा मधुमेही रॅटवर परिणाम. 30 विस्टार जातीचे रॅट लागतील आणि शेवटी सगळ्यांना मारून स्वादुपिंड काढायचं आहे. आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते, पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीवहत्येपासून दूर राहीन, म्हणतच मी मोठी झाले. सर म्हणतात, कमिटीचं अप्रूव्हल आलं की प्रश्न मिटला. मॅडम, मला झोप लागत नाही. हे योग्य आहे का? आणि मी नाही म्हणू शकते का?"

तू मॅडम म्हणून लिहिलंस, म्हणून एकेरीतच उत्तर देते.

आधी सरांच्या वाक्याबद्दल. हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकलं आहे आणि दर वेळी मला ते खटकलं आहे. मी पशुवैद्यक आहे, इथल्याच सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकले. नोकरीतला मोठा काळ प्राणिगृह सांभाळण्यात आणि वेगवेगळ्या संस्थांच्या एथिक्स कमिट्यांवर बसण्यात गेला. तिथे काय होतं ते सांगते. फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, समोर येतो. प्रयोगाचा उद्देश, प्राण्याची जात, संख्या, वेदना किती होणार, भूल कोणती, प्राण्याचा शेवट कसा करणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. टेबलाभोवती संस्थेतले वैज्ञानिक, प्राणिगृहाचे प्रमुख, पशुवैद्यक, बाहेरून आलेले एक वैज्ञानिक, विज्ञानाशी संबंध नसलेली एक समाजातली व्यक्ती आणि केंद्राच्या समितीने नेमलेले प्रतिनिधी असतात. ही केंद्राची समिती म्हणजे जुनी सीपीसीएसईए, 2023 पासून सीसीएसईए. भूल बरोबर आहे का, संख्या जास्त तर नाही ना, हे आम्ही पाहतो आणि पुष्कळदा चांगलं पाहतो. पण या प्रयोगाचं उत्तर जगात कुणाला हवं आहे का, हा प्रश्न त्या टेबलावर फार क्वचित निघतो. अर्ज नियमात बसला की तो पुढे सरकतो. तो प्रश्न तू स्वतःला विचारलास. तो विचारायला तू अगदी योग्य जागी उभी आहेस, कारण सुई तुझ्या हातात असणार आहे.

कायदाही तुझ्याच बाजूने बोलतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं 14 वं कलम प्रयोगांना मुभा देतं, पण कशासाठी? शरीरक्रियेच्या ज्ञानात नवी भर पडावी, जीव वाचावा किंवा वाढावा, दुःख कमी व्हावं, रोगाशी लढता यावं यासाठी. पदवी पूर्ण व्हावी, हे कारण त्या कलमात नाही. 17 वं कलम त्याहून स्पष्ट आहे. टाळता येतील तिथे प्रयोग टाळावेत. पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी भागत असेल तर कॉलेजांत ते करू नयेत. नुसती हाताला सवय व्हावी म्हणून तर शक्यतो करूच नयेत. हे साठहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे! अंमल यायला मात्र 2014 उजाडलं. त्या वर्षी यूजीसीने प्राणिशास्त्रातलं विच्छेदन थांबवलं आणि मेडिकल कौन्सिलने एमबीबीएसच्या फार्माकॉलॉजी-फिजिऑलॉजीत प्राण्यांऐवजी संगणकावरचे पर्याय आणले. पदव्युत्तर प्रबंधाचं दार उघडंच राहिलं, आणि तू त्या दारात उभी आहेस.

आता माझी बाजू सांगते, म्हणजे पुढचं तू नीट तोलशील. प्राण्यांवरचे सगळे प्रयोग बंद करा, असं मी म्हणत नाही. म्हणूही शकत नाही.

पाऊस लागला की नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत साप चावलेली माणसं येतात. कुणी धानाच्या बांधीतून, कुणी कापसाच्या शेतातून. त्यांना विषावर उतारा म्हणून औषधाची जी व्हायल (कुपी) लागते ती घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करतात आणि तांबड्या पेशी त्याला परत देतात. व्हायलवर लिहिलेलं असतं की 1 मिली औषध नाग आणि घोणस यांचं प्रत्येकी 0.6 मिलीग्रॅम आणि मण्यार, फुरसं यांचं प्रत्येकी 0.45 मिलीग्रॅम विष निष्प्रभ करतं. हे आकडे माइसवर ठरतात. विष आणि औषध मिसळून टोचतात आणि किती जगले, किती मेले ते मोजतात. प्रत्येक बॅचला हे होतं. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली, असा 2020 मधला अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. त्यांच्या घरी जाऊन घोड्याचं औषध अनैतिक आहे असं मला सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांवर काम सुरू आहे. ते हाती येईपर्यंत त्या घोड्यांचं ऋण आपल्यावर आहे. म्हणूनच त्यांचा तबेला, त्यांचं खाणं, दोन रक्तकाढणींमधली त्यांची विश्रांती, हे सगळं बाहेरच्या डोळ्यांनी तपासलं गेलंच पाहिजे, असा मी प्रत्येक बैठकीत आग्रह धरते.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी घरचं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती आहे हे तुला सांगायला नको. तुझ्या वर्गातही कुणी एएस, म्हणजे त्याचा वाहक, असेल. ज्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने आज मुलांचं दुखणं कमी होतं, तिचा माग 1980 च्या दशकातल्या माकडांपर्यंत जातो. अर्भकातलं हिमोग्लोबिन मोठेपणी पुन्हा वाढवता येईल का, हे आधी बबून माकडांत दुसऱ्या एका औषधाने पाहिलं गेलं. मग 1984 मध्ये, रक्त काढून पंडुरोगी केलेल्या माकडांत हायड्रॉक्सियुरियाने ते वाढतं असं दिसलं. त्यानंतर माणसांत चाचण्या झाल्या आणि 1998 मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. त्या माकडांना त्रास झाला, यात शंका नाही. पण प्रश्न खरा होता, उत्तर आधी कुणाला माहीत नव्हतं, आणि ते मिळाल्यावर कुणीतरी ते पुढे नेलं. या तीन गोष्टी लक्षात ठेव, तुझ्या प्रबंधाला मी याच लावणार आहे.

आणि कोविड. कोव्हॅक्सिनची चाचणी ज्या 20 रीसस माकडांवर झाली, ती मिळवणं लॉकडाउनमध्ये फार अवघड गेलं. वस्तीतून खायला मिळेना म्हणून माकडं रानात आत निघून गेली होती. वनखात्याने बरंच जंगल पालथं घातलं आणि शेवटी ती नागपूरच्या आसपास सापडली, असं आयसीएमआरच्या तेव्हाच्या महासंचालकांनी नंतर लिहिलं आहे. पाच-पाचांचे चार गट केले, तीन गटांना लस, एका गटाला नुसतं पाणी म्हणावं असं इंजेक्शन, आणि मग सगळ्यांना विषाणू दिला. माणसांतला पहिला टप्पा तोवर सुरू झालेला होता, तर माकडं कशाला, असं तेव्हा मला पुष्कळांनी विचारलं. कारण लस दिलेल्या माणसाला मुद्दाम विषाणू देऊन लस टिकते का ते बघता येत नव्हतं. माकडाला ते करता आलं. माझं मत विचारशील तर त्या वेळी, तेवढ्या संख्येत, ते समर्थनीय होतं. तरी रानातून धरलेलं माकड पिंजऱ्यात बसवणं हे प्रयोगशाळेत जन्मलेल्या प्राण्यापेक्षा कितीतरी जास्त क्लेशाचं असतं, आणि तो क्लेश कुठल्याही पेपरच्या तक्त्यात येत नाही. आपल्या देशाने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. 1950 च्या दशकात पोलिओच्या कामासाठी आणि इतर संशोधनासाठी वर्षाला लाखाच्या वर रीसस माकडं इथून बाहेर गेली. 1978 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यात बंद केली. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

दुसऱ्या बाजूला, प्राण्यात दिसलं म्हणजे माणसात होईल, असं समजून चालणारे लोक मला जास्त धोकादायक वाटतात. मार्च 2006 मध्ये लंडनला टीजीएन 1412 हे औषध सहा निरोगी तरुणांना दिलं. माकडांत जी मात्रा सुरक्षित होती, तिच्या 500 व्या भागाइतकी. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सिकलसेलमध्येच बघ, व्हॉक्सेलोटर हे औषध प्राण्यांतून, माणसांच्या चाचण्यांतून, सगळ्यातून पार होऊन 2019 मध्ये मान्य झालं आणि 2024 मध्ये कंपनीला ते जगभरातून मागे घ्यावं लागलं. म्हणून मार्च 2023 मध्ये आपल्या औषध-चाचणीच्या नियमांत प्राण्यांऐवजी पेशींवरच्या आणि अवयवाची नक्कल करणाऱ्या चिपवरच्या पद्धतींना अधिकृत जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता तुझा प्रबंध. समितीत मी असते तर हा अर्ज मी परत पाठवला असता.

रॅटला मधुमेही करायला बहुधा वापरतात ते स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन एकदाच मोठ्या मात्रेत दिलं की त्याच्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरतात. म्हणजे तयार होतो तो टाइप 1 सारखा आजार. आणि तुमच्या प्रस्तावनेत हमखास काय लिहिलेलं असतं? भारतात टाइप 2 मधुमेह वाढतो आहे. प्रश्न एका आजाराचा आणि प्राणी दुसऱ्या आजाराचा. वर तुलनेसाठी स्टँडर्ड औषध म्हणून ग्लिबेनक्लामाइड. ते औषध बीटा पेशींना पिळून इन्सुलिन काढतं. पेशीच जवळजवळ उरल्या नसतील तर ते काय करणार? आणि काही उरल्या असतील तर किती उरल्या, हे दर रॅटमागे वेगळं. मग आकडे विखुरतात, आणि विखुरले की आणखी रॅट मागायला लोक येतात. कडुनिंब, जांभूळ, कारलं, मेथी, बेल, याच आराखड्यात या सगळ्यांनी रॅटची साखर उतरल्याचे पेपर ढिगाने पडलेले आहेत. त्यातला एकही मेडिकलच्या मधुमेह ओपीडीत पोचलेला मी पाहिला नाही, कारण अर्कात नेमकं काय किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं आणि पदवी मिळाल्यावर पुढे कुणी नेत नाही. मघाच्या तीन गोष्टी लाव. प्रश्न नवा नाही, उत्तराचा अंदाज सगळ्यांना आहे, आणि पुढे नेणारं कुणी नाही. मग त्या 30 जिवांना कशासाठी मारायचं? मला हे फार लागतं. क्रूर माणसांपेक्षा अशा बिनकामाच्या प्रयोगांत जास्त प्राणी मेलेले मी पाहिले आहेत.

आधी बाटलीत बघ. अर्क प्रमाणित कर, एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, त्यातला ओळखीचा एखादा मार्कर घटक मोज. पिष्टाची साखर करणारी अल्फा-ग्लुकोसिडेज आणि अल्फा-अमायलेज ही एन्झाइम तो रोखतो का ते बघ. एल 6 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूंच्या पेशींमध्ये ग्लुकोज जास्त ओढलं जातं का ते बघ. इथेच काही दिसलं नाही, तर रॅटपर्यंत जाण्याचं कारणच उरत नाही. आणि दिसलं, तर तेवढ्यावर प्रामाणिक प्रबंध होतो.

तरीही प्राण्यांवर जावं लागलं तर संख्येपासून सुरुवात कर. नॉर्मल, मधुमेही, स्टँडर्ड, कमी डोस, जास्त डोस असे पाच गट आणि गटात सहा, हा आकडा सगळे एकमेकांचा बघून लिहितात. छोट्या, नव्या प्रयोगांसाठी एक साधं सूत्र आहे: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा कर, उत्तर 10 ते 20 मध्ये असावं. 30 उणे 5 म्हणजे 25, म्हणजे जास्त झाले. गटात पाच घेतले तर 25 उणे 5, बरोबर 20. पाच जीव तिथेच वाचले. पण हे सूत्र ढोबळ आहे. आधीच्या पेपरांमधून आकड्यांचा विखुर मिळत असेल तर नीट पॉवर कॅल्क्युलेशन, म्हणजे किती प्राणी पुरतील याचं संख्याशास्त्रीय गणित, कर. इतके कमीही घेऊ नको की शेवटी काहीच सिद्ध होणार नाही, कारण मग सगळेच वाया गेले. कोणता रॅट कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरव. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

मधुमेही रॅट सांभाळणं हे फार मेहनतीचं काम आहे, आणि कुणी ते विद्यार्थ्यांना आधी सांगत नाही. इंजेक्शननंतर पेशी फुटून साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, साखर कोसळते, आणि पहिल्या रात्री रॅट दगावतात. म्हणून त्या रात्री पाण्यात ग्लुकोज द्यायचं. पुढे ते प्रचंड पाणी पितात आणि प्रचंड लघवी करतात. तुसाचं बेडिंग रोज बदललं नाही तर ओल्यात बसून त्यांची कातडी सोलते, अमोनियाने श्वास जड होतो. नियम आठवड्यातून दोनदा बदला म्हणत असेल, तुझ्या रॅटना ते पुरणार नाही. आणि नागपूरचा उन्हाळा! चाचणीचे आंतरराष्ट्रीय नियम रॅटच्या खोलीत 22 अंश, तीन कमी-जास्त, धरतात. बाहेर मे महिन्यात 45 च्या वर. रॅटला घाम येत नाही, शेपटीतून आणि लाळ अंगाला लावून तो उष्णता घालवतो. एसी एक दुपार बंद पडला तरी नाजूक झालेले मधुमेही रॅट आधी जातात, आणि जे राहतात त्यांच्या साखरेच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. जनरेटर नसेल तर मार्चच्या शेवटानंतर प्रयोग सुरूच करू नको. हा मुद्दा सोयीचा वाटेल, पण मी त्याला नीतीचाच मुद्दा मानते.

रॅट दुखणं लपवतो. शिकार होणारा प्राणी आहे तो. डोळे बारीक होतात, पाठ कमानीसारखी होते, केस पिंजारतात, डोळ्यांभोवती लालसर डाग येतो. तो रक्ताचा नसतो, ताणातून ग्रंथीतून येणारा स्राव असतो. प्राणिगृहात काम करणाऱ्या दादांशी रोज बोल. "हा काल जेवला नाही बाप्पा" हे मला नोंदवहीच्या आधी नेहमी त्यांच्याकडूनच कळलं आहे. वजन पाचव्या हिश्शाने घटलं तर त्या रॅटचा प्रयोग तिथेच थांबवायचा, हे आधीच लिहून ठेव. तारीख येईपर्यंत वाट बघायची नाही.

शेवटाबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, पुढे काही विचारलं नाहीस. तरी सांगते. भूल खोल चढल्यावरच, इतर रॅटच्या नजरेआड, शिकलेल्या माणसाच्या हाताखाली. कार्बन डायऑक्साइड वापरत असतील तर वायू हळूहळू सोडायचा, भरलेल्या डब्यात प्राणी टाकायचा नाही. त्याने नाकडोळ्यांत आग होते आणि घबराट होते. आधी आयसोफ्लुरेनची भूल दिली तर उत्तम. हृदय थांबल्याची खात्री केल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही. हात थरथरत असतील तर बाजूला हो. थरथरत्या हाताने प्राण्याला जास्त त्रास होतो.

आणि घरच्या शिलाबद्दल. त्याचा अर्थ तुला सांगण्याचा अधिकार माझा नाही, दीक्षाभूमीच्या शहरात तुला तो सांगणारी माणसं पुष्कळ आहेत. एवढंच म्हणते, धम्मात कृतीमागच्या चेतनेला, म्हणजे हेतूला, महत्त्व आहे, आणि "प्रबंध संपावा" ही चेतना तुला स्वतःलाच पुरेशी वाटत नाही. म्हणून झोप लागत नाही. तो तुझा कमजोरपणा आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नको. प्राणिगृहात मला अशीच माणसं हवी असतात.

नाही म्हणू शकतेस का? हो. पण सरांशी भांडून नाही. त्यांच्यापुढे विषय बदलण्याची मागणी घेऊन जाऊ नको, तयार आराखडा घेऊन जा. एका बाजूला रॅट, खाद्य, रसायन, समितीच्या बैठकीची वाट, महिनाभर लघवीने भिजलेले पिंजरे. दुसऱ्या बाजूला पेशींवरचं आणि एन्झाइमवरचं काम, जे समितीपुढे जात नाही आणि तीन-चार महिन्यांत संपतं. वेळेचा हिशोब गाइडना लवकर पटतो. तेही नको असेल तर रुग्णांवरचा विषय माग. मेडिकल किंवा मेयोत परवानगी काढून हायड्रॉक्सियुरिया घेणारी मुलं गोळ्या मध्येच का सोडतात, याचा अभ्यास कर. त्याला माणसांची एथिक्स कमिटी लागेल, पण कुणाचा जीव जाणार नाही आणि उत्तराची वाट बघणारे डॉक्टर याच शहरात आहेत. फॉर्म बी आधीच गेला असेल तरी गाइडच्या सहीने तो मागे घेता येतो.

एक शेवटचं. तुझ्या विभागात दुसरं कुणी या वर्षी रॅट वापरणारच असेल, तर त्यांच्या नॉर्मल गटातलं स्वादुपिंड आणि यकृत बहुतेक वेळा फेकलंच जातं. आधी बोलून ठेवलंस तर फॉर्मॅलिनमध्ये जपून तुला मिळू शकतं. स्लाइड वाचायला शिकायचं असेल तर तेवढं पुरतं, त्यासाठी वेगळा रॅट मारायची गरज नाही.